नाल्यात कर्दळ लावून गावाचं सांडपाणी साफ होतं का?

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. मराठवाड्यातलं पंचवीस हजार वस्तीचं नगरपरिषदेचं गाव. भुयारी गटार नाही. उघड्या नाल्या गावाखालच्या ओढ्याला मिळतात आणि ओढा पुढे नदीला. ओढ्याकाठी पालिकेची पाच एकर जागा पडून आहे. एका कंपनीने मशिनरीच्या प्लांटचं कोटेशन दिलंय. दुसरा एक सल्लागार म्हणतो, ओढ्यातच जलपर्णी सोडा, काठाने कर्दळ लावा, फुकटात काम होतं. मुख्याधिकारी दोन्हीकडे बघून गप्प आहेत. तुम्ही विचारताय, खरं काय?

ओढ्यात झाडं लावून हे होणार नाही. पाच एकरांत खडीचे बेड, म्हणजे खडीने भरलेले आणि झाडं लावलेले उथळ हौद, करून होईल. पण जागा काठोकाठ आहे, आणि बेडच्या आधीची टाकी नीट बांधली तरच पुरेल. मशिनरीचा प्लांट वाईट नाही. मात्र तुमच्या गावात तो कोण चालवणार आणि त्याचं लाईट बिल कोण भरणार, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं.

आता जरा खोलात जाऊ.

झाडं घाण खातात आणि पाणी स्वच्छ करून सोडतात, असं चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. खरं काम करतात ते जिवाणू. खडीच्या प्रत्येक दगडावर आणि मुळांवर त्यांचा बुळबुळीत थर चढतो, आणि पाणी त्याला घासत हळूहळू पुढे सरकलं की विरघळलेली घाण ते संपवतात. बाकीचा गाळ खडीत अडकून तिथेच कुजतो. गावाच्या सांडपाण्यातल्या नायट्रोजनपैकी झाडं स्वतः उचलतात तो वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर, आणि तोही झाडं वेळच्या वेळी कापून बाहेर नेली तर. झाड न लावलेला खडीचा बेडसुद्धा बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूवरून काढलेलं घाणीचं माप, बऱ्यापैकी उतरवतो. झाडांनी काय होतं? मुळं खडी मोकळी ठेवतात, जिवाणूंना बसायला जागा वाढते, मुळांजवळ थोडा प्राणवायू मिळतो, वरून ऊन लागत नाही, आणि गावाला ती जागा गटारासारखी न दिसता बागेसारखी दिसते. या शेवटच्या गोष्टीला मी कमी लेखत नाही. जी जागा बघायला बरी वाटते तिथे लोक कचरा कमी टाकतात.

म्हणून पहिला हिशोब वेळेचा करायचा. खडीच्या बेडमध्ये पाणी अडीच-तीन दिवस राहावं लागतं. तुमच्या ओढ्यात किती राहील? समजा दिवसाला १४ लाख लिटर पाणी येतंय, धार दीड मीटर रुंद आणि वीतभरापेक्षा कमी, म्हणजे १० सेंटिमीटर खोल आहे. अशी धार ५०० मीटरचा टप्पा सव्वा तासात ओलांडते. सव्वा तासात कर्दळ काय करणार? वर पहिला मृगाचा पाऊस जोरात झाला की लावलेलं सगळं पुलाच्या मोरीत जाऊन अडकतं आणि पाणी बाजारपेठेत शिरतं. मग तीच कर्दळ काढायला जेसीबी लागतो.

जलपर्णीबद्दल गोदाकाठच्या माणसाला नव्याने सांगायला नको. ती वाढते झपाट्याने, उन्हाळ्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, आणि पाण्यातला नत्र खरंच उचलते. पण उचललेला नत्र तिच्या अंगातच असतो. ती बाहेर काढली नाही तर कुजून सगळा पुन्हा पाण्यात. काढायची म्हटलं तर तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, वाहतूक परवडत नाही. खाली डासांची पैदास वेगळीच. आणि एकदा पुरात खालच्या बंधाऱ्यात गेली की ती तुमच्या गावाची राहत नाही, साऱ्या तालुक्याची होते. कोणीही जलपर्णीवर योजना सुचवली तर एकच विचारा: रोज किती टन बाहेर काढणार आणि कुठे टाकणार?

खडीच्या बेडची पद्धत नवीन नाही. जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींवर प्रयोग सुरू केले, त्यातून पुढे ही शाखा वाढली. आपल्याकडे उज्जैनच्या रवींद्रनगरमध्ये १९९० च्या दशकात खडीचा बेड करून नळगवत लावलं होतं. मला ते उदाहरण जवळचं वाटतं, कारण माळव्याची काळी माती आणि उन्हाळा आपल्यासारखाच. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने याच तत्त्वावर फायटोरिड नावाचं तंत्र तयार केलंय आणि ते अनेक संस्थांच्या आवारांत चालतं. पण विद्यापीठाच्या वसतिगृहाचं पाणी आणि नगरपरिषदेच्या उघड्या नालीचं पाणी यांत फरक आहे. वसतिगृहाच्या पाईपमधून गुटख्याच्या पुड्या, शेण आणि रस्त्याची माती येत नाही. आवारातला प्लांट बघून आलेले पदाधिकारी इथेच फसतात.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या शोषखड्ड्यांचं उदाहरणही तुम्हाला कोणीतरी देईल. ते काम चांगलंच आहे, पण ते घराघरांतल्या मोरीच्या पाण्याचं आहे. गर्दीच्या गावात, जिथे संडासाचं पाणीही नालीला येतं आणि घराला अंगण नाही, तिथे त्याचा उपयोग मर्यादित. तरी गावाच्या कडेच्या नव्या वस्त्यांत जरूर करा. तेवढंच पाणी ओढ्याला कमी.

आता मोजणी. इथे मराठवाड्याची एक गंमत आहे, जी पुण्याहून आलेल्या सल्लागाराच्या लक्षात येत नाही. आपल्या गावांत नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येतं, आणि ओढ्याचं पाणी नळाच्या पाळीप्रमाणे वरखाली होतं. ज्या भागाला आज पाणी सुटलं तिथे आधी काय होतं? पिंप-टाक्यांतलं ‘शिळं’ पाणी नालीत ओतलं जातं, मग कपड्यांचा ढीग निघतो, अंगण धुतलं जातं. त्या दिवशी नाल्या भरून वाहतात. पाळी नसलेल्या दिवशी तीच नाली काळी, दाट, जवळजवळ थांबलेली असते. म्हणून एका सकाळी बाटली भरून नेऊन प्रयोगशाळेचा कागद आणला तर तो आकडा काही कामाचा नाही. ओढ्याच्या तोंडाशी एक पत्रा आडवा बसवा, ज्यात ‘V’ आकाराची ९० अंशांची खाच कापलेली आहे. पत्र्यामागचं पाणी खाचेच्या टोकापासून १७ सेंटिमीटर उंच असेल तर प्रवाह सेकंदाला सोळा लिटरच्या आसपास, म्हणजे दिवसाचे १४ लाख लिटर. पाळीच्या पूर्ण चक्रात, रात्रीसकट, दर तासाला ही उंची लिहून ठेवा. नमुनेही तसेच तासातासाने घेऊन एकत्र करा. पालिकेचे दोन कर्मचारी आणि एक वही, एवढ्यात होतं.

सरकारी पद्धतीने हिशोब केला तर माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के गटारात, आणि माणशी रोज २७ ग्रॅम बीओडी धरतात. यातून लिटरला अडीचशे मिलिग्रॅम येतं. पण तुमच्याकडे माणशी ७० लिटरच मिळत असेल, तर २५ हजार लोकांचं पाणी होतं १४ लाख लिटर आणि तीच घाण कमी पाण्यात आल्यामुळे बीओडी जातो पावणेपाचशेच्या पुढे. प्रत्यक्षात बऱ्याच संडासांना सेप्टिक टाकी असते, काही घाण तिथेच थांबते, म्हणून ओढ्यात आकडा यापेक्षा खाली सापडतो. आपण तीनशे धरून चालू. तुमची वही वेगळं सांगेल तर वहीचं ऐका.

बेड किती मोठा लागेल? पुस्तकातल्या सूत्रात आडव्या वाहणाऱ्या बेडसाठी घाण संपण्याच्या वेगाचा आकडा दिवसाला ०.१५ मीटर धरला आणि साध्या गाळटाकीतून १४० बीओडीने आलेलं पाणी २५ पर्यंत उतरवायचं म्हटलं, तर १६ हजार चौरस मीटर येतात, म्हणजे चार एकर. सल्लागार इथे थांबतो आणि म्हणतो बसतंय. पण दुसरी तपासणी करायची असते: चौरस मीटरवर रोज घाण किती पडते? १४ लाख लिटर गुणिले १४० म्हणजे रोज १९६ किलो. ती १६ हजारांवर पसरली तर चौरस मीटरला १२ ग्रॅम. खडीचा बेड बारा ग्रॅम काही महिने सोसतो, मग तोंडाशी चोंदायला लागतो. मी आठच्या वर जात नाही. आठ धरले तर २४,५०० चौरस मीटर लागतात, सहा एकर. तुमच्याकडे पाच.

मग काय, नाद सोडायचा? नाही. बेडच्या आधीची टाकी सुधारायची. साध्या गाळटाकीऐवजी कप्प्याकप्प्यांची बॅफल टाकी बांधा. तिच्यात पाणी प्रत्येक कप्प्यात खालून वर येतं आणि तळाच्या गाळाच्या थरातून गाळून निघतं. आपल्या हवेत ही टाकी छान चालते, कारण तिच्यातल्या जिवाणूंना ऊब लागते आणि उबेची आपल्याला कमी नाही. पाणी एक दिवस राहील एवढी, म्हणजे १४०० घनमीटरची टाकी केली आणि ती तीनशेचे शंभर करून देऊ लागली, तर बेडवर रोज १४० किलोच येतात. आठ ग्रॅमच्या हिशोबाने १७,५०० चौरस मीटर, सव्वाचार एकरांच्या थोडं वर. उरलेल्या जागेत टाकी, बांध आणि ट्रॅक्टर फिरायला रस्ता कसाबसा मावतो. पैसा कुठे घालायचा हे यातूनच कळतं. टाकी जमिनीखाली असते, तिच्यावर नारळ फोडायला आणि फोटो काढायला काही दिसत नाही, म्हणून अंदाजपत्रकात पहिली कात्री तिलाच लागते. ती लागू देऊ नका.

टाकीच्याही आधी जाळी आणि रेतीचा हौद. दोन जाळ्या, आधी मोठ्या फटीची, मग बारीक. त्यांच्यासमोर उभं राहायला कोरडा ओटा, हातात दाताळं, आणि काढलेला कचरा टाकायला बाजूला भोकांची ट्रॉली. हे लिहायला क्षुल्लक वाटतं, पण मी पाहिलेल्या बंद पडलेल्या बेडपैकी बरेचसे जाळीपाशी मेले. जाळीसमोर ओटा नव्हता, माणसाला गुडघाभर घाणीत उतरावं लागायचं, म्हणून त्याने एक दिवस जाळीच उचलून ठेवली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

खडीवर थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे जातो आणि सगळ्यात जास्त घोटाळाही तिथेच होतो. १७,५०० चौरस मीटरवर ७० सेंटिमीटर थर म्हणजे साधारण ४,३०० ब्रास. आपला काळा बेसाल्ट चांगला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार क्रशरच्या भुकटीची. खडी न धुता टाकली की ती भुकटी पहिल्याच आठवड्यात तळाशी जाऊन बसते, पाण्याला आतून वाट राहत नाही आणि पाणी बेडच्या डोक्यावरून वाहायला लागतं. असा एक बेड पाहिला होता. वरून कर्दळ हिरवीगार, फुलं आलेली, आणि बुंध्याभोवती बोटभर काळं पाणी साचलेलं. हाताने खडी उकरली तर सहा इंचांवर राखाडी चिखल. हात कोपरापर्यंत घातला तरी दगड सुटा लागेना. पाणी एका कडेने पाच मिनिटांत बाहेर पडत होतं आणि कागदावर तीन दिवस राहत होतं.

म्हणून हायवा रिकामा होण्याआधी साइटवर एवढं करा: पारदर्शक बरणी खडीने अर्धी भरा, वर पाणी ओता, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. पाणी ताकासारखं पांढुरकं-राखाडी राहिलं आणि तळाशी गाळाचा जाड पट्टा बसला, तर गाडी परत. ठेकेदार म्हणेल, पावसात धुऊन निघेल. पावसात ते धुऊन खालीच जातं, बाहेर जात नाही. बेडच्या तोंडाशी आणि शेवटाशी मीटरभर रुंदीत मोठे दगड, ४० ते ८० मिलिमीटरचे. मधे १० ते २०. आणि ‘वरून थोडी काळी माती टाकली की झाडं चांगली लागतील’ असं कोणी सुचवलं तर त्याला साइटवरून चहाला घेऊन जा. खडीत माती गेली की खेळ संपला.

आकारातही चूक होते. बेड म्हटलं की लोकांना लांबट कालवा सुचतो. इथे उलट हवं: पाणी वाहतं त्या दिशेने लांबी २० मीटर, रुंदी त्याच्या साडेपाचपट. पाणी शिरायला तोंड रुंद असेल तर घाण पसरून पडते आणि चोंदण उशिरा होतं. सगळं मिळून एकच बेड करू नका, आठ करा. एकाला महिनाभर विश्रांती दिली की अडकलेला थर वाळून, कुजून पुष्कळसा मोकळा होतो. बाहेर पडणाऱ्या पाईपला फिरता एल्बो बसवा, म्हणजे तो वरखाली करून बेडमधली पातळी बदलता येते. पाणी खडीच्या वरच्या पृष्ठापासून पाच-दहा सेंटिमीटर खाली राहिलं पाहिजे. वर उघडं पाणी नसलं की डास नाहीत आणि वासही जवळजवळ नाही. बेडवरून चप्पल घालून चालत गेलात आणि ती कोरडी राहिली, तर बेड ठीक चाललाय.

आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. तिच्यावर नुसतं रोलर फिरवून बेड केला तर एका वर्षात तळ उघडा पडतो, आणि बाजूच्या विहिरींत नायट्रेट उतरतं. काळ्या मातीचा वरचा थर काढून मुरूम दाबून घ्या, त्यावर जिओटेक्स्टाईलचं जाड कापड, मग मिलिमीटरभर जाडीचा एचडीपीई प्लास्टिकचा कागद, पुन्हा जिओटेक्स्टाईल, मग खडी. शेततळ्याचा कागद टाकणारी माणसं आता तालुक्यातालुक्यात आहेत, वेल्डिंग त्यांना येतं. खडी टाकण्याआधी पाणी भरून दोन दिवस पातळी बघा. नंतर भोक सापडत नाही.

झाडांची यादी मी मुद्दाम इतक्या उशिरा देतोय. नळगवत हे मुख्य. पाणकणीसही चालतं, पण त्याची मुळं वरच्या थरातच राहतात. कर्दळ लवकर लागते, फुलते, लोकांना आवडते, म्हणून रस्त्याच्या बाजूच्या बेडांत लावा. मात्र गावात मोकाट डुकरं असतील तर ती कर्दळीचे कंद उकरतात आणि त्यासोबत सगळी खडी. कुंपणाशिवाय कर्दळ नको. वाळा कडेने चांगला. अळू लावू नका, कोणीतरी पानं तोडून नेतं आणि त्याच्या वड्या होतात. चौरस मीटरला चार रोपं, लावणी जुलै-ऑगस्टमध्ये. एप्रिल-मेमध्ये उद्घाटनाच्या घाईने लावली तर तापलेल्या खडीत रोपं करपतात. पहिले दोन महिने पाण्याची पातळी वरच ठेवायची, मुळं धरली की हळूहळू खाली. थंडी सरली की कापणी. वाळलेलं नळगवत उभं ठेवून होळीपर्यंत जाऊ नका, एक ठिणगी पुरते.

उन्हाळ्यात हे बेड पाणी पितात हे कोणी सांगत नाही. मे महिन्यात दाट नळगवत दिवसाला १० मिलिमीटर पाणी सहज उडवतं. १७,५०० चौरस मीटरवर ते पावणेदोन लाख लिटर होतात, म्हणजे आलेल्या पाण्याचा आठवा हिस्सा हवेत. जिथे २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखात ही किंमत मोजून घ्यायला हवी. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्यामुळे शेतकऱ्याला पाणी द्यायचं असेल तर मे महिन्यातला ईसी, म्हणजे क्षारांचं माप, तपासूनच द्या. दुष्काळी वर्षात आवक अर्ध्यावर येते. तेव्हा आठही बेडांना थोडं थोडं देण्यापेक्षा पाच-सहा बेड नीट चालवा, बाकीचे आठवड्यातून एकदा भिजवून जिवंत ठेवा.

पावसाळ्याची अडचण उलटी. उघड्या नाल्यांतून मातीचा लोंढा येतो. टाकीच्या आधी ओढ्यात असा उंबरा बांधा की रोजच्या प्रवाहाच्या अडीच-तीन पटीपर्यंतचंच पाणी आत वळेल आणि बाकीचं सरळ ओढ्याने जाईल. ओढ्याच्या पूररेषेत बेड बसवायचे नाहीत, हे तुमच्या पाच एकरांच्या नकाशावर आजच तपासा. माझ्या मते तुमच्या योजनेतला सगळ्यात मोठा धोका हाच आहे, कारण ‘ओढ्याकाठची पडीक जागा’ बहुतेक वेळा पडीक असते ती पुरामुळेच.

आता जे होत नाही ते. आडव्या वाहणाऱ्या बेडमध्ये प्राणवायू कमी, त्यामुळे अमोनिया फारसा उतरत नाही. तो उतरवायचा तर उभे बेड लागतात, ज्यांवर पाणी टप्प्याटप्प्याने वरून सोडतात. त्यांना पंप किंवा सायफन लागतो. फॉस्फरस पहिली काही वर्षं खडीला चिकटतो, मग नाही. जंताची अंडी खडीत चांगली अडकतात, पण रोगजंतूंचं तसं नाही. १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले एक कोटी कोलिफॉर्म जिवाणू आत आले तर बाहेर लाखभर राहतात. म्हणजे ९९ टक्के गेले, ऐकायला छान. पण केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत मर्यादा हजाराची आहे. तीच अधिसूचना महानगरांना बीओडी २० आणि इतरांना ३० सांगते. पुढे २०१९ मध्ये हरित लवादाने १० चा आग्रह धरला. तुमच्या संमतीपत्रात कोणता आकडा येणार हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जाऊन डिझाईनच्या आधी लेखी घ्या. ३० असेल तर हे बेड निवांत देतात. १० असेल तर वर्षभर देतील अशी हमी मी घेणार नाही.

जंतूंसाठी शेवटी क्लोरीन, किंवा उघड्या तळ्यात चार-पाच दिवस ऊन. तळ्याला आणखी एकर लागतो, तुमच्याकडे नाही. मला यात खालच्या शेतकऱ्यांची शेततळी दिसतात. पाणी आधी त्यांच्या तळ्यात साठलं, आठवडाभर उन्हात राहिलं आणि मग ठिबकने घासाला, उसाला, बांबूला गेलं, तर ते क्लोरीनपेक्षा स्वस्त. मेथी, कोथिंबीर, पालक, काकडी, जे कच्चं खाल्लं जातं किंवा जमिनीला टेकतं, त्याला हे पाणी नको, लेखी करारात नको म्हणून लिहा. नत्राचा हिशोबही त्यांना सांगा: बेडनंतर लिटरला ३० मिलिग्रॅम नत्र राहिला तर १२ लाख लिटरमध्ये रोज ३६ किलो, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या पावणेदोन गोण्या. ज्याला हे पाणी मिळेल त्याने वरून खत टाकायचं कमी केलं पाहिजे, कापूस तर नुसता माजेल आणि बोंडं धरणार नाही.

या शेतकऱ्यांशी आत्ताच बसा, बांधकामानंतर नाही. ओढ्यात आज ज्यांच्या मोटारी आहेत ते फुकट, बारमाही आणि खतासकट पाणी उचलतायत. तुम्ही ते वळवताय असं त्यांना वाटलं तर एका रात्रीत पाईप फुटतो. त्यांनाच पाण्याचे पहिले हक्कदार करा आणि बदल्यात बेडची निगराणी मागा.

मशिनरीच्या प्लांटचं म्हणाल तर मोठ्या शहराला पर्याय नाही. पाच लाखांच्या शहरासाठी हाच हिशोब केला तर ऐंशी-नव्वद एकर लागतात. संभाजीनगर किंवा नांदेडमध्ये ती जागा कुठून आणणार? तिथे बेड शोभतात ते प्लांटनंतरची शेवटची गाळणी म्हणून. तुमच्या गावाला मात्र दर दहा लाख लिटरमागे रोज दीडशे-दोनशे युनिट वीज, एक जाणता ऑपरेटर आणि हवा सोडणाऱ्या ब्लोअरचे सुटे भाग कायम परवडतील का, हे मागच्या पाच वर्षांची पाणीपुरवठ्याच्या लाईट बिलाची थकबाकी बघून ठरवा. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात एक लाखाखालच्या शहरांच्या सांडपाण्यासाठी तरतूद आहे, पण ती बांधायला. चालवायचा खर्च पालिकेच्याच गळ्यात.

म्हणून निविदेत बांधकाम आणि पाच वर्षांची देखभाल एकाच ठेकेदाराकडे ठेवा, आणि बिलाचा चांगला मोठा हिस्सा देखभालीच्या वर्षांत, पाण्याच्या तपासणीला बांधून द्या. कामगार तीन: रोजची जाळी, आठवड्याला बेडांची पाळी बदलणं, वर्षाला कापणी. टाकीतला गाळ दोन-तीन वर्षांनी निघेल, त्याला सुकवायचे वाफे याच अंदाजपत्रकात घ्या. आणि सेप्टिक टाक्या उपसणाऱ्या गाड्यांचा बंदोबस्त. त्या रात्री ओढ्यात रिकाम्या झाल्या तर तुमच्या बॅफल टाकीचं पोट एका फेरीत बिघडतं. त्यांना गाळ टाकायला अधिकृत जागा द्या, पावती द्या आणि मगच दंडाचा ठराव घ्या.

खाच बसवून पाळीच्या एका चक्राचे आकडे लिहिलेत की ते आणि पूररेषेचा नकाशा पाठवा. पाच एकरांत कुठला बेड कुठे बसतो ते त्यावरूनच सांगता येईल.